दोन कारागिरांचं मेज

लेखनाचं मेज म्हणजे बाईच्या मनाचं देवघर, असं मालतीकाकूंच्या शोकसभेत एकजण म्हणाले आणि अमेरिकेतल्या पिस्कॅटवेच्या त्या हॉलमध्ये सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. काकूंनी घरातल्या त्यांच्या मेजावर कधी एक ओळही लिहिली नव्हती, हे सांगायची ती वेळ नव्हती...

काकू निवृत्त पॅथॉलॉजिस्ट, माझ्या शेजारी राहायच्या. इंग्लंडमध्ये एके काळी बायकांसाठी घडवलेली लेखनाची मेजं हा त्यांचा छंद : बारीक पाय, वर छोटे कप्पे, पुढे उघडणारी फळी. इतरांना नक्षी दिसे. काकू खण बाहेर काढून उलटा करत आणि मायक्रोस्कोपखाली पाहावं तसे त्याचे सांधे पाहत. "इथे करवत घसरलीय बघ. पण लपवलेलं नाही. भला माणूस असणार." कारागिराचं नाव कळलं नाही तरी स्वभाव कळला, एवढं त्यांना पुरे.

त्यांच्या यजमानांना, वसंतकाकांना, मात्र नाव लागे. घरातलं मेज लंडनच्या एका नामांकित कारागिराचं आहे, हे पाहुण्यांना चहाच्या आधी ऐकायला मिळे. २००५ साली काकांनीच हौसेनं एका जाणकाराला घरी बोलावलं. त्यानं टॉर्च मारून मेज पाहिलं आणि म्हणाला, "इट्स अ मॅरेज." काका प्रसन्न झाले. आपल्या संसाराचं कौतुक चाललंय असं वाटून त्यांनी थँक्यूसुद्धा म्हटलं. मग उलगडा झाला. वरचे कप्पे एका मेजाचे, खालचं टेबल दुसऱ्याचं. मागाहून कुणीतरी जोडलेलं. या धंद्यात त्याला लग्न म्हणतात, आणि कौतुकानं म्हणत नाहीत.

त्यानंतरच्या शनिवारी मी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा वाद पेटलेला होता.

"विकून टाकू. लोकांना काय तोंड दाखवायचं?"

"अहो, लोक मेज बघायला येतात, तोंड नाही. मी विकणार नाही."

"अगं, पण नकली आहे ते!"

"नकली काय त्यात? दोघांनीही आपापलं काम चोख केलंय. एकमेकांना पाहिलं नव्हतं, एवढंच. आपण तरी कितीसं पाहिलं होतं?"

"चहापोह्यांपुरतं," काका पुटपुटले.

मेज राहिलं. पुढे काकू ते पाहुण्यांना स्वतः दाखवू लागल्या, जोड कुठे आहे ते बोट ठेवून. नाव नसलेल्या कामाला एवढा मान देणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

काकूंना जाऊन दीड महिना झाला. परवा गेलो, तर काका त्या मेजापाशी बसले होते, डावा हात फळीवर पसरून, डोळे मिटून. मी दारातच थांबलो.

"आत्ता बोलू नकोस," ते हळूच म्हणाले.

मशीन गुरगुरलं आणि थांबलं. रक्तदाब मोजायला त्या मेजाची उंची अगदी बरोबर येते.