मी येथे सुखी आहे

साहेबांनी माझा कागद दोन बोटांत धरून वर केला आणि पाहुण्यांना म्हणाले, “हे ऐका. गंमत आहे.”

मांडवात हसायची तयारी झाली. मांडव आमच्याच बापांनी घातला होता, पताका आमच्याच आयांनी चिकटवल्या होत्या. खुर्च्या गिरणीतून मागून आणलेल्या. पाहुणे पुण्याचे. लाल पगडी, रेशमी उपरणं, शेजारी बाईसाहेब. आमचा उद्धार कसा चाललाय ते बघायला आले होते. उद्धार रांगेनं जमिनीवर बसला होता. त्यात मी.

साहेबांनी वाचलं. माझ्याच बोलीत, हेल काढून.

“तानी, मी हितं हाय. आमच्या भवती काट्याची तार हाय. तुमच्या मेंढरांच्या वाघरीच्या जाळ्यावानी, पर लई उंच. आमाला सांजसकाळ मोजत्यात. तुजा आबा मेंढरं नावानं वळखतो, हितं आमाला आकड्यानं वळखत्यात. तांबडी शेळी व्याली का? तू ये. पर आत येऊ नगो. तारंपाशी उभी ऱ्हा.”

पाहुणे म्हणाले, “म्हणजे साहेब, तुम्ही धनगर झालात की.”

मांडव हसला. साहेब सगळ्यांत मोठ्यानं हसले. बाईसाहेबांनी डोळ्यांना पदर लावला. मागं उभे असलेले आमचे बाप, ज्यांना त्यातलं निम्मं ऐकूही आलं नव्हतं, तेसुद्धा हसले. साहेब हसतात तेव्हा हसायचं असतं, एवढं त्यांना तारेनं शिकवलं होतं. माझा बाप मात्र हसला नाही. तो खाली बघत होता.

पाहुण्यांनी कागद मागून घेतला, घडी केली, कोटाच्या खिशात घातला. मित्रमंडळींना वाचून दाखवायला असेल. मोडनिंबला जायचं पत्र पुण्याला गेलं.

आम्ही कैकाडी. सरकारच्या कायद्यानं जन्मतः गुन्हेगार. माझ्या बापानं उभ्या जन्मात चोरल्याच असतील तर तुरीच्या काड्या, आणि त्याही शेतकरी स्वतःहून द्यायचे, कारण त्यांनाच टोपल्या हव्या असायच्या. मोडनिंबच्या शिवारात दरसाल आमचं पाल पडायचं. शेजारी तानीच्या घरची मेंढरं. तानी आणि मी दिवसभर शेळ्यांमागं. तिच्या आईनं दिलेली भाकरी आम्ही दोघी एका दगडावर बसून खायचो. मग एक दिवस पोलीस आले. बापाचा अंगठा घेतला आणि आम्हाला सोलापूरला आणून तारेच्या आत घातलं. सेटलमेंट म्हणायचे त्याला. आत झोपड्या, शाळा आणि हजेरीचा ओटा. मोठी माणसं गिरणीत जायची, यायची, मोजली जायची. गावाला जायचं तर सेटलमेंटच्या साहेबांचा पास लागायचा. तानीला सांगून यायलाही मिळालं नव्हतं.

शाळेत एक मास्तर होते. शहरातल्या शुक्रवार पेठेतून चालत यायचे. टोपी जुनी, आवाज बारीक. मारायचे नाहीत. पाहुणे यायच्या आधी त्यांनी पत्रलेखनाचा धडा घेतला होता.

“पत्र म्हणजे काय रे?” त्यांनी विचारलं.

आमच्याकडं पत्र आलं होतं कुणाला?

“माणूस समोर नसतो,” मास्तर म्हणाले, “पण आहे असं समजून बोलायचं. आपल्याला आवडणाऱ्या माणसाशी. मनातलं.”

मला ते फार आवडलं. कुणी मनातलं बोल म्हणतंय, हे आत आल्यापासून पहिल्यांदा घडत होतं. मी विचारलं, “आन् मग ते जातं का? त्या मानसाकडं?”

“जातं की. पेटीत टाकलं की जातं.”

म्हणून मी लिहिलं. तानीला वाचता येत नव्हतं, ते मला ठाऊक होतं. कुणाकडून तरी वाचून घेतलं असतं तिनं. मला एवढंच हवं होतं की मी मेले नाही, हे तिला कळावं. पण आमचे कागद पेटीत गेले नाहीत, साहेबांच्या टेबलावर गेले.

मांडवातल्या त्या प्रसंगाच्या दुसऱ्या दिवशी साहेब वर्गात आले. जाताना पाहुणे म्हणाले होते, पत्रं चांगली यायला हवीत, चार थोर लोकांना दाखवता येतील अशी. साहेबांनी मास्तरांच्या हातातून खडू घेतला आणि फळ्यावर स्वतः पत्र लिहिलं.

“प्रिय मैत्रिणीस, सप्रेम नमस्कार. मी येथे सुखी आहे. मायबाप सरकारने आम्हांस अन्न, विद्या व सदाचार दिला. पूर्वीचे वाईट दिवस आम्ही विसरलो. तूही सुखी असशील. तुझी मैत्रीण.”

अक्षर सुंदर होतं. खोटं मी एवढ्या वळणदार अक्षरात पहिल्यांदाच बघत होते.

“उतरवा सगळ्यांनी.”

मागून कुणी तरी म्हणालं, “मला भायेर मैतरीन न्हाय, साहेब.”

साहेबांनी मास्तरांकडं बघितलं. मग मास्तरांनी मैत्रिणी वाटल्या. पहिल्या रांगेला लक्ष्मी, दुसऱ्या रांगेला सरस्वती. मुलांना गोविंद. सगळी पोरं खाली मान घालून कधी न बघितलेल्या लक्ष्मीला कळवू लागली की आम्ही सुखी आहोत.

मी लिहिलं, प्रिय तानीस. पुढं हात चालेना.

मास्तर माझ्याजवळ वाकले. “लिही गं.”

“मास्तर, मी सुकी न्हाय.”

ते इतकं हळू बोलले की फक्त मलाच ऐकू गेलं. “सुखी कोण आहे गं? लिही.”

मी टाक दौतीत ठेवला. कागद तसाच पुढं सरकवला. साहेबांनी तो उचलला, दोन्ही बाजू बघितल्या.

“हिला शाई मिळाली नाही का?”

“मिळाली,” मी म्हणाले. “तानीला मी खोटं लिवनार न्हाय.”

वर्गात कुणी हसलं नाही. साहेबांनी मला मारलंही नाही. त्यांना मारायची गरज नव्हती. त्यांनी माझ्या बापाचं नाव विचारलं.

माझा थोरला चुलता मोडनिंबजवळ आजारी होता. त्याच्यावर पोलिसांची नजर पडली नव्हती, म्हणून तो बाहेर राहिला होता. बापानं हातापाया पडून पास मिळवला होता. गुरुवारी निघायचं होतं. आईनं भाकरीही बांधली होती. बुधवारी शिपाई आला आणि पास परत घेऊन गेला.

आई म्हणाली, “चार वळी लिवल्या असत्यास तर काय बोटं झडली असती?”

बाप म्हणाला, “गप.”

“गप काय? तुमचा भाऊ तितं मराया लागलाय.”

“पोरीचा काय संबंद? पास कुनी काडून घेतला? तिनं?”

आईनं बांधलेलं फडकं सोडलं. भाकरी आम्हीच खाल्ली. कोरडी. चुलता मेल्याचा निरोप गिरणीतल्या एका माणसाकडून आला, तोही माती होऊन गेल्यावर. बाप हजेरीच्या ओट्यावर उभा होता. नाव पुकारलं तेव्हा त्यानं नेहमीसारखंच “हाय” म्हटलं. तो आवाज माझ्या कानातून गेलेला नाही.

त्यानं मला कधीच बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं, असं पुष्कळ वर्षं वाटायचं. आता वाटत नाही. पास कुणी काढून घेतला, ते त्यानं त्याच दिवशी सांगितलं होतं.

तानी मला पुन्हा भेटली नाही. तिचं लग्न झालं, तिला भीमेकाठी कुठं तरी दिलं, एवढं कळलं. मी जिवंत आहे हे तिला कळलं की नाही, मला ठाऊक नाही.

मी शिकले. सातवीची फायनल परीक्षा पास झाले. त्याच शाळेत मला नेमलं, कारण इतक्या पगारात शहरातून चालत यायला आता कुणी तयार नाही. तार तिथंच आहे. साहेब बदलले, पताका त्याच आहेत. सोमवारी पुन्हा कुणी मोठे पाहुणे यायचे आहेत. कचेरीतून चिठ्ठी आली आहे: मुलांकडून मित्रास पत्र लिहवून भिंतीवर लावावे. सोबत नमुना. नमुन्यातलं दुसरं वाक्य मला न वाचताही पाठ होतं.

काल मी धडा घेतला. एका पोरीनं विचारलं, “बाई, सुकी हाय असं लिवायचं का?”

“हायेस का?”

तिनं जरा विचार केला. “न्हाय.”

“मग नगो लिवू.”

“मैतरीन बी न्हाय मला, बाई.”

“तर तसं लिव. मला मैतरीन न्हाय, असं.”

“कुनाला लिवू मग?”

“मला लिव.”

तिनं लिहिलं. बाकीच्यांनीही लिहिलं. ज्यांची माणसं बाहेर होती त्यांची पत्रं मी आज गिरणीपुढच्या पेटीत टाकून आले. ती भिंतीवर लागणार नाहीत.

साहेब सोमवारी फळ्यापाशी येतील आणि खडू मागतील. मी देणार नाही. काढून टाकायचं तर मला काढावं. माझ्या बापाचा आता कुठलाच पास काढून घेण्यासारखा उरलेला नाही. गेल्या वर्षी तो गेला, तारेच्या आतच.