गेणबाचे सात स्लीपर

आमच्या टोळीत बारा माणसं होती आणि काम एकटा करायचा. बाकीचे अकरा काय करायचे ते मला चांगलं ठाऊक आहे. त्यांतला एक मी.

ही शहात्तरची गोष्ट. दौंडहून यवतकडे जाणाऱ्या लाईनीवर रुळांखालची खडी पक्की करायचं काम आमच्याकडे होतं. रूळ ज्या आडव्या स्लीपरांवर बसतात, त्यांच्या पोटाखाली खडी घट्ट बसलेली पाहिजे. पोकळ राहिली की गाड्यांच्या वजनानं स्लीपर खचतो आणि रूळ खाली बसतो. म्हणून खडी उकरायची, कुदळीसारख्या जड बीटरनं ठोकून ठोकून आत सारायची आणि वरून पुन्हा खडी ओढून घ्यायची. दोघांच्या जोडीला दिवसाला सात स्लीपर वाटून दिलेले असत. उन्हाळ्यात सात स्लीपर म्हणजे कंबरेचा काटा ढिला.

आमच्या मुकादमानं, हौसरावानं, त्यावर तोड काढली होती. ठोकायचं नावापुरतं, दोन-चार टोले. वरची खडी मात्र दोरी लावून अशी सरळ रचायची, की बघणाऱ्यानं वा म्हणावं. "सायबाला वरचं दिसतंय, पोटातलं कुणाला दिसतंय?" असं म्हणून तो कडुलिंबाखाली पटका उशाला घ्यायचा, आणि आम्ही त्याच्या आज्ञेत राहणारी माणसं!

दोन वर्षांपूर्वीच्या संपानं आमची मनं विटली होती हे खरं. वीस दिवस चुली थंड ठेवल्या आणि हाती आलं काय, तर नोकरीत खंड. तेव्हापासून जेवढं देतात तेवढंच करायचं, असं टोळीचं ठरलं होतं. आम्ही तेवढंही करत नव्हतो, ही गोष्ट निराळी.

गेणबा भालेराव माझ्या जोडीला होता. वय माझ्या बापाएवढं. तरी मी त्याला अरेतुरे करायचो, सगळेच करायचे. त्याच्या घरात बाबासाहेबांचा फोटो होता आणि आमच्या घरांत नव्हता, एवढं सांगितलं की पुरे. संपात तो आमच्याआधी उतरला होता आणि अकरा दिवस तुरुंगात बसून आला होता. म्हणून हौसराव त्याला डिवचायचा, "आरं गेणबा, तवा एवढा तापला हुतास, आन् आता कुणाची चाकरी करतुयास?"

"संप केला तवा उघड केला," गेणबा म्हणायचा. "ह्यो चोरून संप मला जमत न्हाई."

माझ्या वाटणीचं ठोकणंही तोच करायचा. "तू बस पोपट, तुझा हात अर्धाच बसतुया," म्हणायचा आणि पलीकडच्या बाजूला जायचा. मी बसायचो. झालं की बीटरच्या दांड्यानं स्लीपर वाजवायचा, मान वाकडी करून आवाज ऐकायचा आणि जरा बद्द वाजला की पुन्हा उकरायला घ्यायचा. आम्हाला हसू यायचं.

त्याला आशा एकाच गोष्टीची होती. आमचा चावीवाला मल्हारी दिवाळीत निवृत्त होणार होता. चावीवाल्यानं रोज सकाळी हातोडा घेऊन तीन मैल लाईन एकट्यानं चालायची आणि सैल झालेल्या चाव्या, म्हणजे रूळ स्लीपरला धरून ठेवणाऱ्या लोखंडी पाचरी, ठोकून बसवायच्या. ती जागा गेणबाला हवी होती. पगारात फार फरक नव्हता. "एकल्याचं काम हाय," तो मला म्हणाला होता. "चुकलं तर माझं, बरूबर आलं तरी माझंच. दुसऱ्याच्या पोकळीवर माझा रूळ न्हाई." त्यानं हातोड्यासाठी बाभळीचा दांडासुद्धा करून ठेवला होता. काचेच्या तुकड्यानं तासलेला, तेल पाजलेला. त्याची बायको सोजरबाई तो दारामागं उभा करून ठेवायची.

कुणाला चावीवाला करायचं ते इन्स्पेक्टर साहेब ट्रॉलीवरून लाईन तपासून ठरवणार होते. गेणबा निर्धास्त होता. "सायेब फसंल, ट्रॉली फसायची न्हाई."

आणि ट्रॉली खरंच फसली नाही. आश्विनातल्या एका सकाळी साहेब आले. ट्रॉली आमच्या हद्दीत सुरळीत पळत होती, आणि एका जागी असा दणका बसला की साहेबांची टोपी उडाली. सगळे धावलो. साहेबांनी खाली उतरून रुळाला डोळा लावला. सात स्लीपर उंच होते. म्हणजे उंच नव्हते, होते तिथंच होते. पावसाळाभर गाड्या जाऊन जाऊन अलीकडचे-पलीकडचे सगळे खचले होते, सारखे खचले होते म्हणून तिथं दणका नव्हता. त्या तुकड्यात गेणबाच्या वाट्याला एकाच दिवसाचे सात आले होते, ते तेवढे जागचे हलले नव्हते.

"हे कुणाचं काम?" साहेब ओरडले.

"माझं, सायेब," गेणबा पुढं झाला. त्याला वाटलं असेल, निकाल लागला. "हे बरूबर हायती. बाकीचं उचलून ह्येंच्या लेव्हलला घ्यायला पायजे."

बाकीचं उचलायचं म्हणजे बारा माणसांना आठ दिवस खरोखरीचं काम. हौसरावाचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. "सायेब, गुरुवारी मोठं सायेब यायचं हायती. तवर समदं कसं उचलायचं? हे सातच खाली घेतलं तर आज हुतंय. ह्या माणसाचं आसंच हाय, टोळीत मिसळतच न्हाई."

साहेबांनाही गुरुवारच दिसत होता. त्यांनी माझ्याकडं वळून विचारलं, "तू याच्या जोडीला ना? यात तुझं काम किती?"

मी म्हणालो, "काईच न्हाई, सायेब. सगळं ह्यानंच केलंय."

आयुष्यात इतकं खरं मी दुसऱ्यांदा बोललो नाही. त्यातच सगळी नीचता होती.

ते सात स्लीपर गेणबालाच सैल करायला लावले. त्यानं खडी उकरली, स्वतःच्या हातानं घट्ट केलेली एकेक खडी उपसून काढली. त्या दिवशी आम्ही कडुलिंबाखाली बसलो नाही. शेजारी उभं राहून बघत होतो. शेवटच्या स्लीपरवर त्यानं सवयीनं दांडा वाजवला. बद्द आवाज आला. "आता बसलं टोळीत," हौसराव म्हणाला, आणि दोघं-तिघं हसले. मीही हसलो असेन.

दिवाळीत चावीवाला मी झालो. मॅट्रिक आहे आणि उद्धट नाही, अशी शिफारस होती. त्या संध्याकाळी गेणबा माझ्या खोलीवर आला आणि बाभळीचा दांडा माझ्या हातात दिला. मला वाटलं, आता हा शिव्या देणार. "घे," म्हणाला. "पडून राहून वाळवी लागंल. लाईनीच्या कामाला तरी येऊ दे." आणि गेला. दुसऱ्या दिवसापासून तो टोळीत पूर्वीसारखाच ठोकू लागला, एवढंच की स्लीपर वाजवून बघणं त्यानं सोडलं.

एकोणऐंशीत मला ऑफिसात बसायचं काम मिळालं. सामान आवरताना दांडा दिसला. देऊन टाकावा, निदान एवढं तरी नीट करावं म्हणून मी त्याच्या घरी गेलो.

"गेणबामामा, तुमचा दांडा," मी म्हणालो. मामा आणि तुम्ही, दोन्ही पहिल्यांदाच.

त्यानं तो घेऊन दाराच्या उजेडात धरला. रोज हातोडा चालवणाऱ्याच्या हातात तीन वर्षांत बाभूळ काळी पडते, गुळगुळीत होते. गेणबानं मुठीच्या जागी अंगठा फिरवला. त्यानंच काचेनं तासल्याच्या रेषा तिथं जशाच्या तशा होत्या.

"नवाच हाय की रं," तो म्हणाला, आणि सोजरबाईला माझ्यासाठी चहा ठेवायला सांगितलं.