नाका उठल्यानंतरचा पहिला बाजार

कुणाच्या घरी वाळल्या मिरच्या कुटायला घेतल्या की माझा हात आपसूक कपाळावरच्या व्रणाकडं जातो. पैनगंगेपलीकडं तेव्हा दुसरं राज्य होतं आणि आमची रिठदकडची मिरची तिकडच्या बाजारात न्यायची तर काठावरच्या जकात नाक्यावर गाडी थांबवावी लागे. तिथल्या शिपायाला मी पोत्यात तपासणीची सळई खुपसू दिली नाही, म्हणून त्यानं एकदा लाठीनं माझं कपाळ फोडलं होतं. पुढं दोन्ही राज्यांमधली जकात उठली. नंतरच्या पहिल्याच बाजाराला निघालो, तर नाक्याचा आडवा बांबू नसतानाही बैल जुन्या जागी थांबले. बाजूच्या बाभळीखाली तोच शिपाई बिनवर्दीचा बसलेला. माझं डोकं फिरलं. उडी टाकून मी त्याला आसुडाच्या दांड्यानं झोडपलं. त्यानं मला गाडीवर आपटून नरडं आवळलं, तशी मी फुटल्या पोत्यातली मिरची चुरगाळून त्याच्या डोळ्यांत चोळली. "आता काहून मारायलास रे? नाका गेला, माजी नौकरी बी गेली!" तो रक्ताळल्या तोंडानं ओरडला. पुन्हा उगारलेला दांडा मी खाली टाकला. मग मीच घागरीतल्या पाण्यानं त्याचे डोळे धुतले. "चाल, बस गाडीत," मी म्हणालो, "तिकडचे आडते मले ठकवतात, तुले वळखतात." त्या दिवशी माझी मिरची त्यानंच भांडून विकली, आणि पुढच्या बाजारांनाही. त्याला जाऊनही आता कितीतरी वर्षं झाली. ते बैल मात्र जगले तोवर दर बाजाराला त्या बाभळीपाशी थांबत राहिले, त्याला गाडीत घ्यायला.