नवसाचा फरा

आमच्या घराण्यात नवसाच्या बोकडाचा उजवा फरा, म्हणजे मागची मांडी, नवस बोलणाऱ्याची असते. ती देवीच्या ठाण्यावरच शिजते. कच्ची असो की शिजलेली, शिवेबाहेर जात नाही. बोलणाऱ्याने त्यातला घास खाल्ला की नवस फिटला. मांडी नासली, तर पुढच्या पौषात दुसरा बोकड.

हा नवस माझ्या थोरल्या भावाचा होता. वहिनीचे दुखणे लांबले होते, तेव्हा तो बोलला आणि नवस फिटेपर्यंत मटण सोडले. वास आला की कोणत्या घरी काय शिजतेय हे सांगणारा माणूस तेव्हापासून पंगतीत वरण-भात कालवत होता. वहिनी बरी झाली. राहिला तो बोकड.

दादा एसटीचा चालक. जत्रेच्या जादा गाड्यांमुळे त्याची रजा ऐनवेळी रद्द झाली. मंगळवार बदलता येत नव्हता. आम्ही धामणगाव बढ्याहून टेम्पोने निघालो आणि सातपुड्याच्या पायथ्याशी, ठाण्याजवळच्या एका शेतात मुक्काम केला. बोकड मंगळवारी कापला. बाकीचे मटण त्याच दिवशी शिजले. दादा गुरुवारी येणार होता. तोवर फरा मी सांभाळतो म्हणालो.

"जळगाव जामोदले नेऊन कोन्या हॉटेलच्या फ्रिजात ठेवू ना," चुलतभाऊ म्हणाला.

"शिवेबाहेर?" काकूने त्याच्याकडे असे पाहिले की तो लाकडे आणायला निघून गेला.

मांस नासते ते उबेने आणि ओलीने. कापल्यावर मांडीत ऊब असते आणि ती हाडाजवळ सर्वांत उशिरा निवते. म्हणून मी फरा पिशवीत घालू दिला नाही. कोरड्या कपड्याने टिपला, मांजरपाटात सैल गुंडाळला आणि रात्रभर निंबाच्या फांदीला, कुत्र्याच्या उडीपेक्षा वर टांगला. पौषातल्या थंडीने आपले काम केले. सकाळी फऱ्यावर पातळ, कोरडा पापुद्रा धरला होता. आता दिवसभर तो बर्फाच्या खोक्यात राहणार होता. बर्फावर लाकडी फळी, फळीवर फरा, खालचे बूच उघडे, म्हणजे वितळलेले पाणी साचणार नाही. प्यायच्या पाण्याच्या बाटल्या मी त्या खोक्यातून काढून टाकल्या. दर बाटलीला झाकण उघडले असते.

बर्फ फोडून परत आलो तर फांदीला नुसता कपडा लोंबत होता. काकू पंपावर फरा धूत होती.

"काकू, धुतला काऊन?"

"माशी बसली होती. देवाचं हाय बापू, तसंच ठेवू देऊ काय?"

"ओल्यानं नासते ना ते."

"घान राह्यल्यानं नासते. पान्यानं काही नासते काय?"

वहिनी चुलीपाशी भाकरी थापत होती. ती हात न थांबवता म्हणाली, "आनखी एक वरीस वरन-भात? मले नाही पाहवत आता." काकूने आपल्या पिशवीतून नवे पातळ काढून माझ्यापुढे धरले.

त्या पातळाने मी फरा दाबून दाबून टिपला. हवा अजून गार होती. सावलीत वारा लागेल असा तो पुन्हा टांगला आणि खाली निंबाच्या ओल्या पाल्याचा धूर केला, माश्या फिरकू नयेत म्हणून. हाताला बुळबुळीत लागेनासा झाला, तेव्हाच खोक्यात ठेवला. दुपारी चुलतभाऊ मोटरसायकलवर जाऊन नवा बर्फ घेऊन आला.

"आता छाप पेपरात," तो माझ्या बातमीदारीवर घसरत म्हणाला, "'फरा सुखरूप, नातेवाईक हवालदिल'."

"उद्या दादाले विचारून छापतो," मी म्हणालो. मला शंका नव्हती. पण निकाल माझ्या हातात नव्हता.

गुरुवारी दादा खाकी कपड्यांतच आला. चहा नको म्हणाला. फरा फळीवर घेतला, सुरीचे टोक हाडाजवळ खोल घातले, बाहेर काढून नाकाशी धरले. सगळे त्याच्या तोंडाकडे पाहत होते.

"काकू, धुतला का तू?"

"तुले कसं कळलं?"

"वरचा पापुद्रा नाही. तू चंद्रावर गेली तरी पहिले दगड धुशीन." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "चांगला हाय. जाय, कांदे कापून दे."

रस्सा त्याने स्वतः केला. पहिला घास देवीकडे तोंड करून घेतला आणि बराच वेळ चावत राहिला. वहिनी मंगळवारपासून भाकरी-मिरचीवर होती, मटणाला तिने हात लावला नव्हता. दादाने दुसऱ्या घासाला भाकरी मोडली, तेव्हा तिने आपले ताट पुढे ओढले.