आईचा डावा कान

आईचा एकच नीट फोटो माझ्याकडे आहे आणि तो मीच बिघडवला आहे. गेल्या दिवाळीत रहिमतपूरच्या घरी नव्या फोनवर काढला, मागचं धूसर करणारी सोय चालू ठेवून. डोक्यावरचा फिकट पदर त्या दिवशी कानांमागे सरकला होता. मागे चुन्याची भिंत. पदर कुठे संपतो आणि भिंत कुठे लागते, हे फोनला कळलं नाही. त्याने तिचा डावा कान भिंतीतच धरला आणि पुसट करून टाकला. तेव्हा माझ्या ते लक्षातही आलं नाही.

ती गेल्यावर तेराव्याला ठेवायला तोच फोटो घेऊन मी स्टुडिओत गेलो. तिथल्या माणसाने संगणकावर तिला भिंतीपासून कापून वेगळं केलं. डावीकडे पदराला खाच पडली आणि कानाच्या जागी नुसतं धुकं उरलं.

"सर, जवळचं काय न् लांबचं काय, फोन अंदाजानंच ठरवतोय," तो म्हणाला. "उजवा कान हाय की. उलटा करून लावतो."

पाच मिनिटांत लावला. सुबक, अख्खा कान. आईचा तो कान तसा नव्हता. मी वर्षाचा असताना कानातलं ओढलं, पाळी फाटली आणि दुभंगलेलीच राहिली. पुढे मी तिला शहाणपण शिकवायला लागलो की ती पदर सारून कान दाखवायची.

"आदी ह्ये शिवून दे, मग शिकव."

तो कान दिसेल असा दुसरा फोटो नव्हता. बाकी सगळ्यांत कान पदराखाली. पाळी कुठे फाटली होती ते मी स्टुडिओतल्या माणसाला माझ्याच पाळीवर बोट ठेवून दाखवत राहिलो. त्याने चीर दिली, थोडी वर, मग थोडी खाली.

घरी सैन्यातून रजेवर आलेल्या धाकट्या भावाने तो फोटो बराच वेळ पाहिला.

"दादा, कान बरोबर हाय. पर कापताना चुकल्यागत दिसतंय. लोक इचारत्याल."

मावशी शेजारीच बसली होती. "जलमभर झाकला तिनं," ती म्हणाली. "आता तरी चांगला दिसू दे रं."

मी परत स्टुडिओत गेलो. तेराव्याला हार घातला तो अख्ख्या कानाच्या फोटोला.

मूळ फोटो अजून फोनमध्ये आहे. मी तो बोटांनी मोठा करत जातो. गाल येतो, गालावरचा तीळ येतो, मग भिंत लागते.