चाकाला लाथ

"थांबव! गाडी थांबव म्हणतो ना बे! मांगचं चाक बसलं हाये तुह्या गाडीचं!"

दर्यापूरच्या एसटी स्टँडवर आमचे बाबा ओरडत होते. आवाज असा, की तिकडे अमरावतीत लोकांनी सायकलवरून उतरून आपापली हवा तपासली असेल. मी खिडकीत बसलो होतो, मांडीवर बॅग, खिशात पुण्याच्या नोकरीचा कागद. अकोल्याहून रेल्वे पकडायची होती. कंडक्टर दारातून वाकून म्हणाला, "बावाजी, डेपोतून तपासूनच निघते गाडी."

"अन् तपासणाऱ्याले कोनं तपासलं?"

बाबांनी धोतर सावरलं, गाडीला पूर्ण फेरी घातली आणि एकेका चाकाला लाथ हाणली. मग जमिनीला डोकं टेकेल इतकं वाकून गाडीखाली टांगलेल्या स्टेपनीलाही हाणली. लोक आशीर्वाद देतात, हातावर दही ठेवतात. आमचे बाबा खिडकीशी येऊन म्हणाले, "डावीकडलं मांगचं जरासं नरम हाये. जा आता." झाला निरोप.

ही लाथ आमच्या घराण्यात चालत आलेली आहे. पणजोबांनी लग्नाच्या दमणीत बसण्याआधी चाकाला अशी सणसणीत लाथ घातली, की बैल उधळले आणि नवरदेवाआधी रिकामी दमणीच मांडवात पोचली. वधूपक्षाच्या बायांनी घाईत तिलाच ओवाळलं म्हणतात. मी पाहायला नव्हतो, पण आमच्या घरात यावर शंका घ्यायला मनाई आहे. बाकी सगळ्यावर घ्यायची. "माणूस लबाड बोलते, चाक नाई बोलत," हे बाबांचं ब्रह्मवाक्य. आणि कोणी हसलं, की, "हसू नका. रक्तातच हाये आमच्या."

रक्तात आहे म्हणावं, तर माझा धाकटा भाऊ गजू. तेच रक्त, तेच नाक. पण शाळेसाठी तो लहानपणीच अकोल्याला जुन्या शहरात मामाकडे राहिला. मामाच्या घराला कडीच नव्हती. गल्लीतल्या शेळ्या आत येऊन, पोटभर खाऊन, मामीला ढेकर देऊन जायच्या. तिथे वाढलेला गजू असा भोळा निघाला, की कोणत्याही जीपमध्ये शिरतो आणि शेजाऱ्याच्या खांद्यावर घोरायला लागतो. एकदा अकोटला उतरायचं तर थेट परतवाड्याला जागा झाला. ज्याचा खांदा होता त्याच्याच घरी मुक्काम करून, टोपलीभर संत्री घेऊन हसत परत आला. बाबांनी संत्र्यांचा वास घेतला, टोपली उपडी करून पाहिली आणि निकाल दिला, "मामाच्या घरचं पानी लागलं पोट्ट्याले."

हा निकाल मी नीट लक्षात ठेवला. आमच्यात असं लक्षात ठेवतात. कधी कामाला येईल सांगता येत नाही.

पुण्यात आलो आणि संशयाला नवंच रान मिळालं. इथे लोक लिफ्टमध्ये म्हणतात, "या एकदा घरी." कधी या, ते सांगत नाहीत. आमच्याकडे माणूस दंड धरून ताटावर बसवतो, म्हणून मी समजलो की यात काहीतरी डाव आहे. कॅब आली, की ड्रायव्हर ओटीपी मागायचा आणि मी आधी चारही चाकांना लाथा घालायचो. मीरा, माझी बायको, पुण्याचीच. ती म्हणाली, "अरे, लोक बघतात! बंद कर हे." मी बंद केलं. निदान मी तरी तसंच समजत होतो. तिकडे राहिलेल्यांनो, तुम्हाला वाटतं आम्ही शहरात येऊन बदललो. इकडे आलेल्यांनो, आपल्यालाही तसंच वाटतं.

मग आमच्या घरी जुई आली. दीड वर्षाची होती. संस्थेतून दत्तक घेतली. मी आनंदाने फोन केला, "बाबा, तुमी आजोबा झाले."

"कोनाचं रक्त हाये?"

"आता आपलंच."

"कागदानं रक्त बदलत नाई."

मी जपून ठेवलेला निकाल काढला. "गजूले मामाचं पानी लागते, मंग हिले आपलं कावून नाई लागनार?"

फोन ठेवल्याचा आवाज आला. त्यानंतर बाबांनी प्रत्येक फोनवर मीराची तब्येत विचारली, गॅसची नळी विचारली, सोसायटीचा वॉचमन झोपतो का तेही विचारलं. जुईचं नाव नाही. ती पाच वर्षांची होईपर्यंत नाही.

यंदा दिवाळीला तिला घेऊन गेलोच. रेल्वेत ती विचारत होती, "आबा माझ्याशी बोलतील ना?" मी खिडकीबाहेरच्या कपाशीच्या पऱ्हाटीकडे बोट दाखवून विषय बदलला. ते न बोलले तर पुन्हा त्या दारात पाय ठेवायचा नाही, असं मी मनात ठरवूनच निघालो होतो. मीरालाही सांगितलं नव्हतं.

आणि बाबा बोलले नाहीत. बाजारात बैल पाहावा तसे ओट्याच्या या टोकावरून तिला पाहत राहिले. ती त्या टोकावरून त्यांना तसंच पाहत राहिली. एका सकाळी त्यांनी न बोलता संत्र्याची फोड पुढे केली. जुईने फोडीकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं. "आधी तुम्ही खा."

बाबांनी खाल्ली. मग माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी संत्र्यात काही कालवलं होतं. सुट्टी संपेपर्यंत तेवढंच.

निघायच्या दिवशी दर्यापूरला अकोल्याची काळीपिवळी जीप उभी होती. गजू बॅगा चढवत होता. बाबा हात मागे बांधून गाडीभोवतीच्या फेरीला निघणार, तेवढ्यात जुईने मीराचा हात सोडला. गुलाबी सँडल उगारून तिने पुढच्या चाकाला लाथ घातली. मग मागच्या. मग वळसा घालून उरलेल्या दोन्हींना. आणि ड्रायव्हरला म्हणाली, "काका, हे नरम आहे."

ड्रायव्हर एवढा हसला की त्याच्या तोंडातला सुपारी-तंबाखूचा खर्रा बाहेर आला. "बावाजी, नात कोनाची, हे सांगाची गरजच नाई!"

बाबा हसले नाहीत. माझ्याकडे वळले. "तू शिकोली काय बे हिले?"

"आईशप्पथ, नाई! मी तं कवाच सोडलं ते."

"सोडलंस?" मीरा म्हणाली. "रोज सकाळी हिच्या स्कूलव्हॅनला मारतोस. आधी हिला बसवतोस, मग एकेका चाकाला. ही काचेला नाक लावून बघत असते."

मी आ वासला. माझ्या पायाने मला कधी कळवलंच नव्हतं. गजू तेवढा खदाखदा हसत होता. जीप सुटली.

वाटभर मी माझ्या उजव्या पायाकडे चोरासारखं बघत होतो. गाव सोडताना आईने बांधून दिलेलं सगळं पुण्यात केव्हाच संपलं, बोली जिभेवर तासली गेली, आणि मी समजत होतो की घर मागे राहिलं. ते लबाड माझ्या पायात बसून विनातिकीट आलं होतं. तिथून व्हॅनच्या काचेतून पोरीत शिरलं. रक्ताला विचारलं नाही, कागदाला विचारलं नाही. घर ते हेच असेल, तर दार तिकडे उघडो की न उघडो, मी त्याच्या बाहेर कसा पडणार होतो? आणि जुईला तरी कोण बाहेर ठेवणार होतं?

तरी संशय गेला नाही. बाबांनी पाहिलं खरं, पण मानलं का? अकोला स्टेशनवर उतरल्या उतरल्या फोन लावला. "बाबा, जुईनं चाकं तपासली, ते पाह्यलं ना तुमी?"

"पाह्यलं."

"मंग?"



"स्टेपनी राह्यली तिची."