सुरय्यानं न घेतलेलं रक्त

सदाशिव पेठेतल्या आमच्या दवाखान्यात लहान मुलांचा मधुमेह बघतात. काउंटरवर मी बसते, प्रेमला. पेशंट माझ्याबद्दल काय बोलतात ते मला ठाऊक आहे, आणि ते खोटं नाही. पण आमच्या रक्त काढणाऱ्या सुरय्या सिस्टरबद्दल वाईट बोलणारा अजून जन्माला यायचाय.

मंडईमागं तिच्या वडिलांचं कल्हईचं दुकान होतं. घरोघर स्टीलची भांडी आली, दुकान बसलं, आणि ही थोरली नर्सिंगला गेली. नातेवाइकांनी नाकं मुरडली. "मुरडू दे, नाकं त्यांचीच आहेत," असं तिचा बाप म्हणाला म्हणे. मला तो माणूस न बघताच आवडतो.

पुढं आमच्या डॉक्टरांनी, अनंत सरांनी, संशोधन सुरू केलं. रक्तातल्या ज्या पेशींनी रोगाशी लढायचं, त्या या मुलांच्या शरीरात इन्शुलिन बनवणाऱ्या पेशींवरच का उलटतात, ते शोधायचं होतं. त्यासाठी आजार नुकताच कळलेल्या मुलांचं रक्त हवं, आणि काही महिन्यांनी पुन्हा एकदा. कारण इन्शुलिन सुरू झाल्यावर काही मुलांत हा हल्ला थोडा काळ मंदावतो, डोस एकदम कमी होतो. त्या काळातलं रक्त म्हणजे सरांना सोनं. अशी मुलं मोजकीच मिळतात.

लोणी काळभोरची हेमा त्यातलीच. नऊ वर्षांची पोर, आणली तेव्हा बेशुद्ध होती. वाचली. पहिलं रक्त दिलं, आणि नंतर घरचे फोनच उचलेनात. सर रोज विचारायचे, "लोणीचं काय झालं?" शेवटी सुरय्या स्वतःच निघाली. मला बरोबर घेतलं, का तर म्हणे पत्ता विचारायला माझा आवाज बरा पडतो.

घरात पुरणाचा वास सुटला होता. हेमा अंगणात लंगडी खेळत होती, गाल चांगले भरलेले. तिचे वडील सर्जेराव खुशीत होते.

"भैरवनाथ पावला बघा! चौदा युनिटवरनं चारावर आली सुई. आज नवस फेडला, आजपासनं सुई बंद."

सुरय्या शांतपणे ओट्यावर बसली. म्हणाली, "भाऊ, राखणीची कुत्री घरच्याच कोंबड्यांवर सुटावीत तसं झालंय तिच्या अंगात. आत्ता कुत्री जरा निजलीत. थोड्या कोंबड्या उरल्यात, म्हणून चारावर भागतंय. सुई बंद केलीत तर त्याही जातील."

सर्जेरावांचा चेहरा उतरला, मग तापला. "आलं ध्यानात. तुमाला पोरीचं रगत पायजे, म्हणून सुई सोडू देत न्हाई. पोर आजारी ऱ्हायली तरच तुमचा अभ्यास चालतोय ना?"

मी तोंड उघडलंच होतं. सुरय्यानं माझा हात असा दाबला की बांगडी रुतली. मग तिनं रक्तासाठी ओट्यावर मांडलेल्या नळ्या पुन्हा पिशवीत भरल्या आणि तिथूनच सरांना फोन लावला. "सर, लोणीच्या मुलीचं नाव अभ्यासातून काढा. घरच्यांची इच्छा नाही. नाही, रक्त घेत नाहीये." पलीकडून सर काय ओरडले ते अंगणापर्यंत ऐकू आलं.

"आता मला तुमच्याकडून काहीच नकोय," ती सर्जेरावांना म्हणाली. "आता तरी ऐकाल? सुई सोडलीत तर पोर थोडे दिवस हसेल, खेळेल. मग पुन्हा तशीच उचलून आणावी लागेल. दर वेळी वाचतेच असं नाही हो!" बोलता बोलता तिचा आवाज चढला. इतक्या वर्षांत मी तिला अशी कधी पाहिली नव्हती.

मग हेमाची आई शकू दारातून पुढं आली. "सुई न्हाई सोडली तर नवस मोडतोय का वो?"

"काय बोलला होतात?"

"पोर जगू दे, पुरणाचा निवद दावीन."

"मग दाखवलात की. यात सुई सोडायचं कुठं आलं?"

शकूनं नवऱ्याकडं बघितलं. मग आत गेली आणि इन्शुलिनचं पेन घेऊन आली. सर्जेराव मान खाली घालून बसले होते. हेमानं फ्रॉक वर करून पोटावर स्वतःच सुई टोचून घेतली आणि मगच पानावर बसली. ते बघून सर्जेराव म्हणाले, "घ्या मग रगत."

"आज नाही," म्हणत सुरय्या उठली.

परतीच्या वाटेवर मी भडकलेच. "डोकं फिरलंय का तुझं? माणूस स्वतः म्हणतोय घ्या!"

"आज घेतलं असतं तर आयुष्यभर त्यांना वाटलं असतं, बाई एवढ्यासाठीच बोलत होती. मग पुढच्या वेळी माझं ऐकलं असतं का?"

सरांनी तिला चांगलंच झापलं. ती ऐकून घेऊन कामाला लागली. मी मात्र त्या दिवशी सरांना चहा पाठवला नाही.

पुढच्याच आठवड्यात सर्जेराव काउंटरसमोर उभे, हेमाचा हात धरून. "नाव परत लिवा," एवढंच म्हणाले. इतक्या गोड आवाजात मी कुणाला "बसा ना" म्हटल्याचं दवाखान्याला आठवत नसेल.

खुर्चीत बसल्यावर हेमानं सुरय्याला विचारलं, "यातनं माझं औषध निघंल?"

सर्जेराव सुरय्याकडं बघत राहिले. ती खोटं बोलली असती तर कुणीही माफ केलं असतं.

"तुझं निघेलच असं नाही, बाळा. तुझ्यानंतर जी पोरं आजारी पडतील, त्यांच्यासाठी कदाचित निघेल."

हेमानं थोडा विचार केला आणि बाही वर सारली. "मग त्यांना सांगा, हेमानं दिलंय म्हणून."